चाचा, तुम्ही तर घरचेच!

दुकानात नोकरीला लागणारा वीस वर्षांचा मुलगा मालकाला एकच प्रश्न विचारतो, पगार किती? चाळिशीला आलेला तोच माणूस पगाराबरोबर उचल मिळेल का, याची चौकशी करतो. पंचावन्न-साठीत मात्र त्याच्या अपेक्षा अशा होतात की त्या तोंडाने मागायलाही संकोच वाटतो. बसायला एक स्टूल हवे असते. दुपारचे जेवण वेळेवर व्हावे, जुम्याच्या दिवशी घड्याळाकडे बघून कोणी तोंड वाकडे करू नये आणि गिऱ्हाइकासमोर कोणी आवाज चढवू नये, असे वाटत असते. गेल्या काही महिन्यांत पुण्याच्या बुधवार पेठेत काम करणाऱ्या उतारवयाच्या काही मंडळींशी आम्ही सवडीने बोललो. त्यांची आणि त्यांच्या मालकांची नावे आम्ही देत नाही, कारण त्यांना उद्याही त्याच दुकानात जायचे आहे.

बुधवार पेठ म्हटले की काही जण नाक मुरडतात. त्यांना या पेठेची एकच बाजू ठाऊक असते. खरे तर हा शहरातला सर्वांत गजबजलेला व्यापारी भाग. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने, तपकीर गल्लीत वायरी, दिवे आणि विजेचे सामान, तुळशीबागेत भांड्यांपासून बांगड्यांपर्यंत सारे काही, आणि पलीकडे कापडाचा लक्ष्मी रोड. औरंगजेबाच्या पुण्यातील मुक्कामात, १७०३ च्या सुमारास, ही वस्ती मुहियाबाद नावाने वसली आणि पेशवाईत तिला वाराचे नाव मिळाले. आज येथील दुकानांमध्ये काउंटरवर, पोटमाळ्यावर, दुरुस्तीच्या टेबलांवर आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने दिसतात. पूर्वी ती भवानी पेठ, नाना पेठ, मोमीनपुरा अशी जवळपास राहायची आणि चालत कामावर यायची. आता बरीच कुटुंबे कोंढव्याकडे गेली. वय वाढले आणि कामाची जागाही लांब गेली. भुयारी मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात मंडईपर्यंत आली खरी, पण कोंढव्याच्या माणसाला अजून बसच्याच रांगेत उभे राहावे लागते.

या दुकानांत निवृत्तीचे वय नसते. सरकारी नोकरीत अठ्ठावन्न किंवा साठ वर्षे झाली की हार घालून घरी पाठवतात. इथे हातपाय चालतात तोवर नोकरी आणि शेठची मर्जी असेतोवर नोकरी. म्हणूनच इथल्या म्हाताऱ्या माणसाने मालकाकडून काय अपेक्षा करावी, हे कुठेच लिहिलेले नसते.

उचलीचे नाते

कापडाच्या दुकानात सेल्समन असलेल्या एकसष्ट वर्षांच्या चाचांनी आपली सारी नोकरी आम्हाला अशी सांगितली: पहिल्या पाच वर्षांत तीन दुकाने बदलली, प्रत्येक वेळी थोड्याशा जादा पगारासाठी. मग लग्न झाले. बायकोच्या पहिल्या बाळंतपणात दवाखान्याने आधी पैसे भरायला सांगितले, तेव्हा शेठने गल्ल्यातून काढून दिले, व्याजाचा शब्दही काढला नाही. त्या दिवसापासून दुकान बदलायचा विचार मनात आला नाही. पुढे मुलीचे लग्न, घराचे डिपॉझिट, आईचे आजारपण, प्रत्येक नडीला उचल मिळाली आणि पगारातून थोडी थोडी कापली गेली.

याला कर्जे हसना म्हणावे की काय, असा प्रश्न आम्हाला पडला. व्याज नाही, कागद नाही, माणुसकी आहे. पण चाचांनीच पुढचे सांगितले. उचल अंगावर असताना पगारवाढ मागायला जीभ रेटत नाही. इतर दुकानांत पगार वाढत गेले, त्यांचा मात्र मागेच राहिला. शेठने कधी “नाही” म्हटले नाही, कारण चाचांनी कधी मागितलेच नाही. तरुणपणी जो मालकाचा हिशोब करत होता, तो चाळिशीनंतर उपकाराचा हिशोब करू लागला. कुरआनातील सर्वांत मोठी आयत देण्या-घेण्याचे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका, असे सांगते. आपण मात्र लिहिण्यालाच अविश्वास समजतो.

आता त्यांचा मोठा शेठ हयात नाही. गल्ल्यावर मुलगा बसतो. मुलगा वाईट नाही, शिकलेला आहे, बिल बारकोडने करतो, माल मोबाइलवर मागवतो. पण बाळंतपणाच्या वेळी पैसे कोणी दिले आणि नोटबंदीच्या आठवड्यात दुकान कोणी उघडे ठेवले, हे त्याच्या संगणकात नाही. चाचांची अपेक्षा अशी की हे सारे मुलाला ठाऊक असावे. मुलाची अपेक्षा अशी की चाचांनी नवीन सॉफ्टवेअर आठवड्यात शिकावे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोघेही एकमेकांशी हे कधी बोललेले नाहीत. “पगार का इतना नहीं, पर छोटे सेठ ने सबके सामने नाम लेके चिल्लाना नहीं,” एवढेच चाचा म्हणाले.

गादी गेली, काउंटर आले

एके काळी साडीच्या दुकानांत पांढऱ्या चादरी घातलेल्या गाद्या असत. गिऱ्हाईक बसायचे, विकणाराही बसायचा आणि साड्या मांडीजवळ उलगडल्या जायच्या. काचेची काउंटर आली आणि विकणारा उभा राहिला. गिऱ्हाईक नसेल तेव्हाही त्याने बसू नये, अशी अनेक ठिकाणी रीत पडली. बसलेला माणूस आळशी दिसतो म्हणे! सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभे राहणे पंचविशीत जमते. साठीत पायाच्या शिरा फुगतात, गुडघे बोलू लागतात.

केरळात कोझिकोडच्या दुकानांतील स्त्रियांनी या साध्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ‘पेनकूट्टु’ ही संघटना उभी केली. सुरुवात लघवीला जाण्याच्या सोयीपासून झाली आणि मग बसण्याच्या हक्कापर्यंत गेली. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकान कायद्यात बदल करून कामगाराला बसायची सोय देणे मालकावर बंधनकारक केले. २०२१ मध्ये तामिळनाडूने तसाच कायदा केला. एका स्टुलासाठी विधानसभेला कायदा करावा लागला, यात आनंद मानावा की शरम, ते वाचकांनी ठरवावे. बुधवार पेठेतील शेठने उद्या सकाळी चार स्टुले आणायची ठरवली तर त्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

लघवीची गोष्ट निघालीच आहे तर तीही लिहितो. एरवी कौटुंबिक मासिकात असे विषय आपण टाळतो. तुळशीबागेजवळच्या एका दुकानात बावन्न वर्षांच्या एक खाला माल लावण्याचे आणि पॅकिंगचे काम करतात. त्यांना मधुमेह आहे. दुकानात स्वच्छतागृह नाही. बाजारातले सार्वजनिक स्वच्छतागृह गाठायचे तर गर्दीतून जाऊन यायला वीस मिनिटे लागतात आणि परतल्यावर “कुठे होता?” असे विचारले जाते. म्हणून त्या सकाळपासून पाणीच कमी पितात. डॉक्टर म्हणतात पाणी प्या, नोकरी म्हणते पिऊ नका. तिशीत याच खालांनी मालकाकडे दिवाळीच्या बोनसबद्दल भांडण केले होते. आता बोनसचे नाव काढत नाहीत. शेजारच्या ज्या दुकानात सोय आहे त्यांच्याशी बोलून शेठने परवानगी मिळवून द्यावी, एवढेच त्यांचे मागणे आहे. तेही त्या बोलल्या नव्हत्या. आमच्याशी बोलल्यावर त्या शेठच्या घरच्या बाईंशी बोलल्या. अजून उत्तर आलेले नाही.

ताकद आणि अमानत

सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) मदयनला पोचतात तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. विहिरीवर त्यांनी दोन बहिणींच्या जनावरांना पाणी पाजले. त्यांतील एक आपल्या वडिलांना म्हणते की यांना कामावर ठेवा, कारण चांगला नोकर तोच जो ताकदवान आणि विश्वासू असतो. पुढे त्या वृद्धांनी जो करार केला त्यात मुदत स्पष्ट आहे, आठ वर्षे, आणि दहा पूर्ण केलीस तर ती तुझी खुशी. शिवाय तुला त्रासात घालायची माझी इच्छा नाही, हेही त्यांनी सांगून टाकले.

ताकद आणि अमानत, हे दोनच गुण. नोकरीतले वय या दोहोंवर कसे काम करते ते पाहा. ताकद तिशीनंतर उतरू लागते. अमानत वर्षागणिक वाढते, कारण ती सिद्ध व्हायलाच वर्षे लागतात. ज्या माणसाच्या हाती शेठ गल्ल्याची किल्ली देऊन उमरा करून येतो, तो माणूस वीस वर्षांचा नसतो. पण पगार ठरवताना आपण कुठला गुण मोजतो? गठ्ठे उचलायचे बंद झाले की “चाचा आता पूर्वीसारखे राहिले नाहीत” असे म्हटले जाते आणि वाढ थांबते. उतारवयाच्या माणसाची मालकाकडून जी मुख्य अपेक्षा आम्हाला जाणवली ती हीच. माझी ताकद कमी झाली हे मान्य, माझे काम बदला, पण अमानतीचा भाव शून्य धरू नका. तपकीर गल्लीतल्या एका दुकानाने हे नीट जमवले आहे. तिथले एकोणसाठ वर्षांचे मामू आता शिडीवर चढत नाहीत, माल उतरवत नाहीत. परत आलेला माल तपासणे आणि नवीन मुलांना शिकवणे हे त्यांचे काम. पगार तोच ठेवला. शेठ म्हणाले, मामूंनी नको तो माल ओळखून परत पाठवला की त्यात त्यांचा पगार निघतो.

दुकानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. घरबसल्या मोबाइलवर खरेदी होऊ लागल्यापासून पेठेतले गिऱ्हाईक घटले, जागेचे भाडे घटले नाही. पार्किंग नाही म्हणून लोक येत नाहीत. एका पुस्तक दुकानदाराने आम्हाला सरळ विचारले, “दोन तरुणांचे काम एक म्हातारा माणूस करत नाही, आणि मी त्याला काढलेही नाही. आणखी काय करू?” प्रश्न खोटा नाही. काढले नाही ही मोठीच गोष्ट आहे. पण न काढणे आणि नीट ठेवणे यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात या माणसांचे आयुष्य चालले आहे.

हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींमध्ये आहे. तुमच्या हाताखाली काम करणारे तुमचे भाऊ आहेत, झेपणार नाही असे ओझे त्यांच्यावर टाकू नका, आणि टाकलेच तर स्वतः हात लावा, असा तिचा आशय. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी ही हदीस आपण भाषणांत नेहमी ऐकतो. हात लावण्याची ही गोष्ट तेवढी ऐकू येत नाही.

रमजानचे पाकीट

आता थोडे कडू लिहावे लागेल, आणि ते आपल्याच बांधवांविषयी आहे. काही मुस्लिम दुकानदार रमजानमध्ये जुन्या नोकराला पाकीट देतात, रेशनचे किट देतात. चांगली गोष्ट आहे. पण एका चाचांनी आम्हाला विचारले, “ते पाकीट जकातीचे असते, हे मला माहीत आहे. सव्वीस वर्षे काम केले त्याचे मला काही मिळणार आहे का, की हेच ते?” विचारताना त्यांनी नजर खाली ठेवली होती.

मजुरी हा हक्क आहे, जकात हा वेगळा हक्क आहे. नोकराचे जे देणे लागते ते जकातीतून फेडता येत नाही, यावर आलिमांचे म्हणणे स्पष्ट आहे. नोकर गरीब असेल तर त्याला जकात जरूर देता येते, पण पगार, बोनस किंवा नोकरी सोडतानाची रक्कम तिच्यातून वळती करता येत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मस्जिदीच्या मुफ्तींना नेमका हाच प्रश्न विचारावा. एरवी जकातीचा पै-पैचा हिशोब करणारे आपण, नोकराच्या सव्वीस वर्षांचा हिशोब मात्र “तुम्ही तर घरचेच” या तीन शब्दांत मिटवतो. घरच्या माणसाला वारसा मिळतो. या घरच्यांना किट मिळते.

इमाम अबू युसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग आहे. त्यांनी एका दारात भीक मागणारा वृद्ध, अंध माणूस पाहिला. विचारल्यावर कळले की तो यहुदी आहे आणि म्हातारपण, गरज व जिझिया या तिन्हींमुळे हात पसरतो आहे. उमर त्याला घरी घेऊन गेले, घरातले काही दिले आणि बैतुलमालच्या खजिनदाराला निरोप पाठवला की याला आणि याच्यासारख्यांना बघा. तरुणपणी याच्याकडून घ्यायचे आणि म्हातारपणी याला टाकून द्यायचे हा न्याय नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्याचा जिझियाही माफ झाला. तो माणूस ना मुसलमान होता, ना उमर यांचा नोकर.

कागदावर काय मिळते

आता व्यवहाराचे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटी लागू होते. १९७२ च्या कायद्याने ही रीत घातली आणि आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. सलग पाच वर्षे काम झाले की, नोकरी सोडताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. म्हणजे शेवटचा पगार १३,००० रुपये असेल तर वर्षाला ७,५०० रुपये. तीस वर्षांचे २,२५,००० रुपये. राजीनामा दिला तरी ही रक्कम बुडत नाही, हे बहुतेकांना माहीत नाही. आणि एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसे दहापेक्षा कमी झाली तरी तो लागूच राहतो, हे मालकांनाही माहीत नसते. भविष्य निर्वाह निधीला वीस माणसांची अट आहे, त्यामुळे पेठेतली बरीच दुकाने तिच्याबाहेर राहतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावे आणि चाळिशीवरील कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करावी, असे सरकारने सांगितले आहे. नियुक्तिपत्र ही गोष्ट लहान वाटते. पण ज्या चाचांना आपण अमुक साली इथे लागलो हे सिद्ध करायला एक जुना फोटो सोडून काहीच नाही, त्यांना तिचे मोल विचारा.

छोट्या दुकानातल्या माणसाला सरकारी योजना आहेत, मात्र तिथे वयाची भिंत आहे. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयातच नाव घालता येते. साठीनंतर दरमहा ३,००० रुपये देणाऱ्या श्रमयोगी मानधन योजनेचेही तेच. ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयाच्या कामगारांसाठी. म्हणजे पन्नाशीत भविष्याची काळजी सुरू झालेल्या माणसासाठी दारे आधीच बंद झालेली असतात. ज्या वयात माणूस मालकाकडे फक्त पगार मागतो, त्याच वयात त्याने पेन्शन मागायला हवे असते. घरात पस्तिशीचा मुलगा, जावई, भाचा दुकानात कामाला असेल तर हा परिच्छेद त्याला वाचून दाखवा.

ज्यांचा एक मालकच नसतो अशा हमालांना महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने हे मिळवून दिले. मजुरी माथाडी मंडळात जमा होते आणि निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा मंडळच पाहते. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांची चळवळ होती, आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालांना संघटित केले. डोक्यावर पोते वाहणाऱ्याला म्हातारपणाची सोय झाली, काउंटरमागे इस्त्रीच्या शर्टात उभा असलेला तसाच राहिला.

अप्पा बळवंत चौकामागच्या एका बोळात पासष्ट वर्षांचे एक बाईंडर बसतात. शाळेच्या कामासाठी आमचे तिकडे जाणे-येणे पंधरा वर्षांचे. जुजबंदीची शिलाई ते अजून हाताने करतात, फक्त सुईत दोरा ओवायला आता मुलाला हाक मारावी लागते. त्यांनाही आम्ही विचारले की शेठकडून काय हवे. ग्रॅच्युइटीचा विषय आम्हीच काढला, त्यांनी मान हलवली. चार माणसांच्या कारखान्यात कसली ग्रॅच्युइटी! मग थोडे थांबून वर बोट दाखवून म्हणाले, टेबलावर एक दिवा जास्त हवा, संध्याकाळी टाका दिसत नाही. त्यांना संकोच वाटत होता, म्हणून त्यांच्यादेखतच आम्ही शेठना ते सांगितले. शेठ मान वर करून छताकडे बघत राहिले, इतकी वर्षे ही गोष्ट लक्षात कशी आली नाही असे त्यांच्या तोंडावर दिसत होते. तपकीर गल्ली तिथून पाच मिनिटांवर आहे. मुलाला पाठवले. आम्ही चहा संपवेपर्यंत दिवा आला, आणि चाचा उठून स्वतःच तो कुठे टांगायचा ते सांगू लागले.